तेजलने ऐकलेला घसा

अनुपमा राणे बोरीवलीच्या घरात बसून तेजलसाठी कायद्याची पुस्तकं मोबाइलवर वाचून रेकॉर्ड करायची. तेजल जन्मापासून आंधळी, त्याच सोसायटीत राहणारी, वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला. तिचा सगळा अभ्यास अनुपमाच्या आवाजावर चालायचा.

एका रविवारी तेजल म्हणाली, "ताई, रागावणार नसाल तर विचारते. हल्ली दर दोन वाक्यांनी तुम्ही घसा खाकरता. बरं नाहीये का?"

"ऑफिसातला एसी बाधतो गं," म्हणत अनुपमाने विषय बदलला.

पण तिला चार महिने गिळताना घशात काहीतरी अडकल्यासारखं वाटत होतं, कोरडा खोकलाही पाठ सोडत नव्हता. तिच्या वडिलांना सगळे भाऊ म्हणायचे; गिरणी बंद पडल्यावर ते भांडुपला वॉचमन होते. त्यांचाही आधी आवाजच बसला होता. घशाचा कॅन्सर कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

डॉक्टरकडे जायचं तर आणखी एक गोष्ट आड यायची. अनुपमाचं वजन ब्याण्णव किलो. गुडघा दुखो की ताप येवो, "आधी वजन कमी करा" हेच कानावर पडायचं. दोनदा ती दवाखान्यातून रडत घरी आली होती.

तेजलला आणखी काही ऐकू येऊ नये म्हणून तिने वाचणंच सोडलं. तेजलला सांगितलं, ऑफिसात काम वाढलंय. नवऱ्याला, नितेशला, तर काहीच सांगितलं नाही.

परीक्षा संपल्यावर तेजल दारात उभी राहिली.

"एक पेपर गेला, ताई. दोन धडे वाचून मिळालेच नाहीत. पण त्यासाठी नाही आले. तुमच्या जुन्या फायली परत ऐकल्या. सकाळी तुमचा आवाज घोगरा असतो, आणि जेवणानंतर खाकरणं दुप्पट होतं. हे डॉक्टरांना सांगा."

आतून नितेश बाहेर आला. "कसला डॉक्टर? काय झालंय तुला?"

मग अनुपमाला सगळं सांगावंच लागलं. "भाऊंचं मनात धरून एकटीच बसलीस होय," एवढंच नितेश म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून तिला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

बाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. "गाठ नाही. स्वरयंत्राला सूज आहे. पोटातलं आम्ल वर चढत असावं."

"पण मला छातीत जळजळ कधीच झाली नाही."

"सगळ्यांना होत नाही. काहींचा नुसता आवाज बसतो, खोकला राहतो. पोटावरच्या वजनाचा जठरावर दाब येतो, म्हणून वजनाचं बोलतेय. दोष देत नाहीये."

औषधं दिली, झोपण्याआधी तीन तास जेवायचं नाही म्हणाल्या, पलंगाची उशाकडची बाजू उंच करायला सांगितली. वजन हळूहळू उतरवायचं. आवाजाला काही महिने लागतील. नाहीच सुधारला तर पुढच्या तपासण्या.

संध्याकाळी अनुपमा तेजलकडे गेली. "ऑफिसात काही काम नव्हतं गं. मी घाबरले होते."

तेजल म्हणाली, "तेव्हाच सांगितलं असतंत तर मी दुसरं कुणी शोधलं असतं ना, ताई."

अनुपमाने राहिलेले दोन धडे कोणते ते तिच्याकडून विचारून घेतलं.

ते दोन धडे शेवटी नितेशने वाचले. कलमांची नावं घेताना तो अडखळायचा, आणि शेजारी बसलेली अनुपमा घोगऱ्या आवाजात त्याला शब्द सांगायची. तेजलचा पेपर पुन्हा सहा महिन्यांनी होता. तोवर अनुपमाचा आवाज मोकळा होईल की नाही, हे डॉक्टरीणबाईही सांगू शकत नव्हत्या.