दार ठोठावण्याची ओळ

आमदार वर्ला टॉर्गरसनला सभागृहात खुर्चीवर बसवत नव्हतं. बाहेर मिसुरी नदीवरून बोचरा वारा सुटला होता आणि आत राज्याचं नवं वीज विधेयक मतदानाला आलं होतं. त्यात तिची एकच ओळ होती: वीज तोडण्याआधी कंपनीच्या माणसानं जाऊन दार ठोठावलं पाहिजे. नव्या मीटरमुळे वीज ऑफिसात बसूनच तोडता येते. गेल्या जानेवारीत दुसऱ्याच कुणाच्या घराऐवजी चुकून तिच्या अंथरुणाला खिळलेल्या भावाची, लेनची तोडली. कोणी दारात गेलंच नाही. लेन थंडीनं गेला.

आता ती ओळ गाळण्याची सूचना आली होती. आपल्या बाजूचा एक गडी कॉफीपाशी गप्पा छाटतोय हे पाहून वर्ला त्याला आणायला धावली. तेवढ्यात मतदानाची घंटा झाली. ती परतली तेव्हा ओळ एका मतानं गळाली होती, आणि मतांच्या फलकावर खुद्द तिच्या नावापुढे हिरवा दिवा! गाळायला होकार!

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आर्लो, माझं बटण तू दाबलंस?"

शेजारच्या बाकावरचा आर्लो पांढराफटक पडला. "सवयीनं गं! इतकी वर्षं मी नसलो की तू दाबतेस, तू नसलीस की मी. माझं हिरवं दाबलं, त्याच झटक्यात तुझंही."

"मेल्या, सवय म्हणे! लेनच्या शवपेटीला खांदा दिलास ना तू?"

आर्लोनं मान खाली घातली. तिला रडू फुटत होतं. पक्षनेता हेगेन जाता जाता म्हणाला, "जाऊ दे, वर्ला. हरलेल्याला फेरमतदान मागता येत नाही, नियम तुला ठाऊक आहे."

वर्लानं फलकाकडे पाहिलं. हिरवा दिवा अजून तसाच होता.

"हरलंय कोण? मी तर जिंकलेल्यांत आहे!" ती ताडकन उठली. "अध्यक्षमहाराज, फेरमतदान मागते."

जाता जाता हेगेन गर्रकन वळला.

आधी फेरमतदानाला होकार मिळाला, मग पुन्हा घंटा झाली. वर्लानं लाल बटण दाबलं आणि बोट उचललंच नाही. आर्लो दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिला. त्यानं कुणाचंच बटण दाबलं नाही, स्वतःचंसुद्धा.

ओळ राहिली. लोक टाळ्या वाजवत होते. वर्लाला मात्र लेनचं बंद दार दिसत होतं आणि ते ठोठावायला आता फार उशीर झाला होता.