ताक फॉर मॅल

गिरिजाने बरणीचं झाकण काढलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं. व्हिनेगर, साखर, कांदा, मिरी आणि त्यात कच्चा बांगडा. जन्मभर बांगड्याला तिरफळ लावलेल्या बाईने त्याला साखर लावायची म्हणजे जिवावर येणारच. पण आज घरात डॅनिश जेवण होतं आणि ते बिघडून चालणार नव्हतं.

"हेरिंग मिळाला नाही म्हणून बांगडा, ठीक आहे," तिचा नवरा अरुण म्हणाला. "पण पोरीने तोंड वाकडं केलं तर? खालून नगेट्स आणून ठेवतो."

"काही नको. तिच्या बाबाने मला जे खायला घातलं, तेच मी तिला घालणार."

तिचा बाबा म्हणजे कैवल्य, या दोघांचा एकुलता एक. अबू धाबीत वाढला, शिकायला कोपनहेगनला गेला आणि तिथलाच झाला. लग्नही तिथल्याच मुलीशी केलं. तिचं नाव मेटे. "कुठल्या मेट्यांची म्हणायची सून?" असं अरुण तेव्हा सगळ्यांना विचारत सुटला होता. मग मुलगी झाली, अस्मी. आणि गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात बर्फावरून सायकल घसरली, मागून ट्रक आला, आणि कैवल्य गेला. झालं. एवढंच गिरिजाला सांगता येई.

त्यानंतर अस्मी फोनच्या स्क्रीनवर दिसायची. आधी दर शुक्रवारी, मग कधीमधी, मग आज तिला कुणाच्या वाढदिवसाला जायचंय, आज ती दमलीय. आता थायलंडहून सुट्टी संपवून परतताना मेटेचं विमान अबू धाबीला थांबणार होतं आणि दोघी जेवायला येणार होत्या. मधले काही तास, बस.

त्यातच अरुणच्या मुसफ्फातल्या कंपनीने त्याला निरोप दिला होता. वय झालं, व्हिसा खलास. दोन महिन्यांत मोहम्मद बिन झायद सिटीतला हा फ्लॅट सोडून देवरुखला. अबू धाबीला विमान थांबतं हो, देवरुखला एसटी थांबते. तिथे कोण वाट वाकडी करून येणार? म्हणून नात आपली राहील एवढा शब्द गिरिजाला आज, या एका जेवणात, मेटेकडून काढून घ्यायचा होता.

ती मेटेच्या घरी एकदाच राहिली होती, कैवल्य असताना, उन्हाळ्यात. मुलाने आईबापाला सगळं फिरवून खायला घातलं. राय नावाच्या धान्याचा काळा, आंबूस पाव, त्यावर लोणी, त्यावर मासा, आणि वर काहीच नाही. "वरचा पाव विसरले वाटतं," अरुण म्हणाला होता. गोड व्हिनेगरातला हेरिंग पहिल्या घासाला गिरिजाने डोळे मिटून गिळला आणि तिसऱ्या दिवशी मागून घेतला. डुकराच्या लिव्हरची पेस्ट तेवढी दोघांनी लांब सारली.

पण खरी गंमत पहिल्याच जेवणाला झाली. ताटं रिकामी झाली आणि मेटे म्हणाली, "ताक फॉर मॅल." शेवटी ल की द कुणास ठाऊक, पण ताक मात्र स्वच्छ ऐकू आलं. मागोमाग तीन वर्षांची अस्मीही म्हणाली, "ताक!"

"अगं बाई, ताक राहिलंच की," म्हणत गिरिजा उठली आणि फ्रीजमध्ये शोधू लागली.

कैवल्य हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. "आई, ताक म्हणजे थँक्स. जेवणाबद्दल आभार मानतायत. तू म्हणायचं, वेल्बेकोमे."

"मी नाही म्हणायची," गिरिजा ठसक्यात म्हणाली. "घरच्या माणसांनी जेवणाचे आभार मानायचे? मी काय परकी आहे? ताक मागितलंत ना, ताकच देईन."

आणि दुसऱ्या दिवशी तिने खरंच तिथलं ताक आणून, आलं-जिरं लावून पेल्यात दिलं. तिथून खेळच सुरू झाला. जेवण झालं की अस्मी "ताक, आजी" म्हणून ओरडायची आणि पेला तिच्यापुढे यायचा. एक घोट, पांढरी मिशी आणि खिदळणं. कैवल्यनेही त्याच ताकात अंडं, साखर, लिंबू घालून त्यांचं उन्हाळ्यातलं कोल्स्कोल करून दाखवलं. गिरिजा निघाली तोवर ते वेल्बेकोमे तिच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं.

दुपारी बेल वाजली. अस्मी केवढी उंच झाली होती. कपाळ आणि भुवया थेट कैवल्यच्या. गिरिजाने तिला पोटाशी धरलं तेव्हा ती शहाण्या मुलीसारखी उभी राहिली, हात मात्र खालीच होते.

जेवण बरं झालं म्हणायचं. गिरिजाने भाजलेला रायचा पाव विटेइतका कडक झाला होता, पण मेटेने तो बांगड्यासकट खाल्ला आणि डोळे पुसले. अस्मीने बांगडा बाजूला काढला. पण दुकानातल्या लबनचं, म्हणजे इथल्या ताकाचं कोल्स्कोल, वर चुरलेली नानकटाई, हे मात्र तिने पुन्हा मागून घेतलं. अरुणने बायकोकडे बघून भुवया उडवल्या. गिरिजाचा जीव नुसता फुलून आला.

वाटी पुसून झाली. अस्मी म्हणाली, "ताक फॉर मॅल."

याच शब्दाची तर गिरिजा सकाळपासून वाट बघत होती. ओट्यावर भरून ठेवलेला स्टीलचा पेला तिने उचलला, आलं, जिरं, सगळं तसंच, आणि नातीपुढे ठेवला. "घे. ताक," ती म्हणाली आणि हसू दाबून उभी राहिली.

अस्मीने पेल्यात पाहिलं. मग आईकडे. मग हळूच डॅनिशमध्ये काहीतरी विचारलं.

"तिला वाटतंय, तिचं काही चुकलं," मेटे इंग्रजीत म्हणाली. "गिरिजा, ती तीन वर्षांची होती. तिला नाही आठवत."

"ताक, आजी," गिरिजा म्हणाली. "तू असं ओरडायचीस."

"नो, थँक यू," अस्मी म्हणाली आणि पेला दोन बोटांनी मागे सारला.

अरुणने पोरीला गॅलरीत नेलं, मशिदीचा मिनार दाखवायला. स्वयंपाकघरात मेटेने गिरिजाचा हात धरला. तिला बोलायला जड जात होतं, ते दिसत होतं. वर्षभर अस्मी झोपेत ओरडून उठायची. तुमचा फोन झाला की त्या रात्री जास्तच. तिला बघणारी डॉक्टर म्हणते, काही दिवस फोन नको. आता कुठे ती झोपायला लागलीय.

"काही दिवस म्हणजे?"

"माहीत नाही."

"आम्ही इंडियाला चाललो. देवरुखला. तू आणशील ना तिला? एकदा. तिच्या बाबाचं गाव बघायला."

मेटेने तिचा हात सोडला. "वुई विल सी," ती म्हणाली.

म्हणजे बघू. कैवल्यने लहानपणी सायकल मागितली, कुत्रा मागितला, तेव्हा गिरिजाही बघूच म्हणायची. बघूचा अर्थ आईला कुणी शिकवावा लागतो? तिला मेटेचा राग येईना, हेच वाईट. रागावता आलं असतं तर निदान काहीतरी हातात राहिलं असतं. पोर झोपायला लागली म्हणे. आजी असून तिने काय मागायचं, की पोरीची झोप मोडा?

टॅक्सी खाली आली. अरुण बॅग घेऊन लिफ्ट थांबवायला पुढे झाला. टेबलावर पेला तसाच भरलेला होता. दारात मेटेने अस्मीच्या खांद्यावर हात ठेवून तिला काहीतरी सांगितलं. त्यातलं 'गिरिजा' तेवढं कळलं. त्यांच्याकडे सगळ्यांना नावानेच हाक मारतात, हे तिला ठाऊक होतं.

अस्मी पुढे आली. परक्या घरी शहाणी मुलं हात पुढे करतात, तसा तिने हात पुढे केला.

"ताक फॉर मॅल, गिरिजा."

अरुणने लिफ्टपाशी मान वळवली. गिरिजाने तो एवढासा हात दोन्ही हातांत घेतला. हे उत्तर तिला ठाऊक होतं. कैवल्यने शिकवलं होतं.

"वेल्बेकोमे," ती म्हणाली.