पेचकसाला लावलेला कान

रेणुकाने पेचकस नवऱ्याच्या हातात दिला, भिंतीला टेकून बसली आणि पोटावरचा पदर बाजूला केला. बरगडीपासून खाली उतरलेला टाक्यांचा व्रण अजून गुलाबी होता.

"डॉक्टर चांगलं म्हणतात. पण मले तुमच्या कानाचा भरोसा हाये. आयका एकदा."

धम्मरत्न खामगावच्या कापसाच्या जिनिंगात फिटर. पेचकसाचं टोक चालू यंत्रावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, की कोणतं बेअरिंग जाणार ते हा गडी डोळे मिटून सांगे. पण गेल्या उन्हाळ्यात बायकोच्या मांडीवर डोकं टेकलं आणि तिच्या पोटातून सुक्या बेअरिंगासारखी घरघर ऐकू आली, तेव्हा या पठ्ठ्याची बोबडी वळली. काय झालं, तिने विचारलं. काई नाई, म्हणाला. दोन महिने तेच म्हणत राहिला.

मग तिचे पाय सुजले. नागपूरला कळलं, पोटातल्या सगळ्यात मोठ्या शिरेत गाठ आहे, सहसा कोणाला होत नाही अशी. डॉक्टरांनी नऊ तास खपून गाठीसकट शिरेचा तुकडा काढला आणि तिथे कृत्रिम नळी शिवली. आधी आणलं असतं तर एवढं कापावं लागलं नसतं, असंही म्हणाले. ते त्याने बायकोला सांगितलंच नाही.

आता त्याने जीव मुठीत धरून ऐकलं. पाटाचं पाणी वाहावं तसा एकसुरी आवाज. घरघर नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"साफ हाये."

"मंग आता माही पाळी."

त्याला आडवं करून तिने टोक त्याच्या पोटावर टेकवलं. सकाळी किती भाकरी हाणल्या ते आता कळेल, अशी थट्टा चालली होती. ती मध्येच थांबली. उठून तिने पंखा बंद केला आणि पुन्हा त्याच जागी टोक टेकवून मुठीला कान लावला. तिचा हात स्थिर होता. टोक मात्र त्याच्या कातडीवर बारीक थरथरत होतं.

"काय आयकू येते?"

"काई नाई."

हे 'काई नाई' त्याच्या ओळखीचं होतं.

"मीबी तुले असंच म्हटलं होतं," तो कसाबसा बोलला.

"मालूम हाये मले." तिने खुंटीवरची दवाखान्याची पिशवी काढली. "नागपूरची पहिली बस किती वाजता हाये?"