लवंगेच्या तेलाचा फवारा

धाकट्या बहिणीचा नवरा ताईच्या पहिल्यापासूनच डोक्यात जायचा. हातातले धंदे बुडवून झाल्यावर त्याने बायकोच्या पॉलिहाऊसमधल्या काकडीकडे मोर्चा वळवला होता. दोन-चार व्हिडिओ पाहिले की माणूस तज्ज्ञ होतो, अशी त्याची ठाम समजूत. ताई मनातल्या मनात त्याला 'प्रोफेसर' म्हणायची. ती स्वतः साबणाच्या कारखान्यात केमिस्ट. सुगंधी तेलांत तिची हयात गेलेली.

त्या रविवारी ती बहिणीकडे आली तेव्हा काकडीच्या पानांवर भुरी पडली होती. पीठ सांडावं तशी पांढरी बुरशी. धाकटी बाजारात गेलेली. प्रोफेसर लवंगेच्या तेलाची बाटली घेऊन सज्ज होते.

"रासायनिक औषधांचे दिवस संपले, ताई. हे निसर्गाचं बुरशीनाशक!"

"हो का?" ताई म्हणाली.

लवंगेचं तेल बुरशीला मारतं, हे तिला ठाऊक होतं. पण ते पाण्यात मिसळायला साबणासारखं काहीतरी लागतं. या शहाण्याने पाठीवरच्या पंपात पाणी भरलं, वर बाटली उपडी केली, काठीने जरासं ढवळलं आणि झाकण लावलं. पंप ओढणार तळातून. आणि लवंगेचं तेल पाण्याहून जड, तळाशी बसणारं; म्हणजे आधी जवळपास निव्वळ तेल, शेवटी नुसतं पाणी. एक वाक्य पुरलं असतं. पण होऊ दे शोभा, म्हणत ताई दारात चहा पीत बसून राहिली.

आठवडा सरायच्या आत धाकटीचा फोन आला. ताई मुद्दाम रजा टाकून गेली. सुरुवातीच्या ओळींतली पानं करपून काळी ठिक्कर. शेवटच्या ओळींत भुरी जशीच्या तशी.

"हवामानामुळे असेल," प्रोफेसर पुटपुटला.

"हवामान!" ताई फिसकन हसली. "अहो, लवंगेचं तेल पाण्याच्या तळाशी बसतं! पंप भरतानाच कळलं होतं मला, तुम्ही काय दिवे लावणार ते."

करपलेला वेल सुतळीवरून सोडवता सोडवता धाकटी थांबली.

"पंप भरताना कळलं होतं? आणि तू बघत बसलीस?"

"अगं, त्याला अद्दल घडावी म्हणून..."

"अद्दल त्याला, आणि वेल कुणाचे गं? रोपं मी लावली, सुतळ्या मी बांधल्या. त्याला कळत नव्हतं, ताई. तुला कळत होतं."

ताई म्हणाली, "उरलेल्या वेलांना मी करून देते."

"करून नको. त्याला शिकव. आणि तिरकं बोलू नकोस."

प्रोफेसर बादली घेऊन आला. ताईने तेलाच्या बाटलीचं बूच काढलं. "आधी थोड्याशा तेलात साबणाचा द्रव घोटायचा. मग पाणी, हळूहळू."

"म्हणजे ते दुधासारखं दिसायला लागलं की जमलं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचाच ताईला सगळ्यात जास्त संताप आला.