पाणबुडीची कॅसेट

"घासू नकोस ग बाई, टिप! टिप!" असं म्हणत ताईने नव्या बाईच्या हातातून डॉक्टरांचा कोट जवळजवळ ओढूनच घेतला.

खिशाखाली शाईचा हा एवढा डाग. पेनाचं टोपण न लावता ते खिशात घालायचं, ही डॉक्टरलोकांची जन्माची खोड. ताईने डागाखाली एक जुनं फडकं सरकवलं, दुसऱ्यावर स्पिरिट घेतलं आणि हलक्या हाताने टिपत राहिली. निळं हळूहळू फडक्यात उतरायला लागलं.

"घासलं की डाग आत मुरतो. आणि एक लक्षात ठेव, डाग काही नाहीसा होत नसतो. कोटावरून फडक्यावर जातो, एवढंच."

नवी बाई कौतुकाने बघत राहिली. ताईला त्या कौतुकाचं काही नव्हतं. इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिचा निम्मा जन्म गेला होता. वाफेने चेहरा सुकला होता, संध्याकाळ झाली की पायांचे तुकडे पडायचे. आयाबायांपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणायचे. ज्याची ती खरोखरची ताई होती, तो शाळेत असतानाच गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. तो गेला आणि हाक तेवढी मागे राहिली, ती अशी सगळ्यांच्या तोंडी झाली.

कोट वाळत घालते न घालते तोच फोन वाजला. जुन्या बाजारातला मिस्त्री होता. रेडिओ, टेपरेकॉर्डर, व्हिडिओ गेम असल्या मोडीत निघालेल्या वस्तूंचं त्याचं दुकान.

"ताई, पाणबुडी सापडली!"

"कुठली?"

"कुठली काय कुठली? तुमचीच. पिवळी, कोपरा चावलेली. या लवकर."

ताईने इस्त्री बंद केली आणि पिशवी उचलली.

ताईला जुन्या गेमच्या कॅसेटी जमवायचा नाद आहे, हे सगळ्या इस्पितळाला ठाऊक होतं. कुणी भिशीत पैसे घालतं, कुणी मांजरं पाळतं, ही टीव्हीच्या खेळण्याला लावायच्या त्या प्लॅस्टिकच्या चपट्या डब्या विकत घेते. लोक हसायचे. हसू देत बापडे. घरी अख्खं कपाट भरलं होतं आणि खेळायला बसली की ही पहिल्याच फेरीत मरायची!

खरी गोष्ट तिने कुणाला सांगितली नव्हती. सांगितली की माणसं मान तिरकी करून 'अरेरे' म्हणतात, आणि त्या 'अरेरे'चा तिला उबग आला होता. मिस्त्रीलाही तिने पिवळा रंग आणि चावलेला कोपरा, एवढीच खूण सांगून ठेवली होती. गोष्ट एवढीच होती. भावाची एक पाणबुडीच्या खेळाची कॅसेट होती. खेळात हरला की तो तिचा कोपरा चावायचा. तो बाहेर गेला की ताई ती चोरून लावायची, म्हणून एक दिवस त्याने बाबांचा जाड मार्कर घेऊन कॅसेटच्या पाठीवर लिहून ठेवलं : ताईने हात लावू नये. तो गेला त्याच आठवड्यात आईने त्याचे कपडे, वह्या, खेळ, सगळं पोत्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकलं. कुणाला विचारलं नाही, एक अक्षर बोलली नाही. त्याच्या हातचं काही म्हणता काही उरलं नाही. जगात कुठे असलंच, तर ते तेवढंच एक वाक्य होतं. बाकीच्या कॅसेटी ते शोधता शोधता वाटेत सापडलेल्या. आपली नव्हे म्हणून परत कशी ठेवायची? तीही कुणाची तरी असणारच, म्हणून ती घेऊन यायची.

दुकानात पोचली तेव्हा मिस्त्री नुसता फुलून आला होता.

"आधी डोळे मिटा."

"डोळे मिटले तर इथेच झोप लागेल मला. दाखवा मुकाट्याने."

त्याने टेबलावरचा रुमाल उचलला. पिवळीजर्द कॅसेट नव्यासारखी चकाकत होती. ताईने आधी कोपरा बघितला. चावलेला होता. दातांच्या खुणा होत्या. तीच. तीच ती! तिने घाईघाईने कॅसेट उलटी केली.

पाठ कोरी होती.

"काय?" मिस्त्री म्हणाला. "ओळखूच येत नाही ना? अहो, कुणा कारट्याने मागे मार्करने लिहून ठेवलं होतं, 'ताईने हात लावू नये'! मी आणि बायको इतके हसलो! म्हटलं, ताईंनाच द्यायची आणि वर हेच लिहिलेलं, बरं दिसतं का ते? बसलो मग स्पिरिट घेऊन. घासलं नाही हां! टिपलं. तुम्हीच शिकवलंत की, माझ्या शर्टावर शाई सांडली होती तेव्हा."

दोष तरी कुणाला देणार? माणसाने जीव लावून काम केलं होतं, आणि तेही तिच्याच पद्धतीने.

"ज्याने टिपलंत ते फडकं आहे का?" तिने विचारलं.

"फडकं? कापूस होता हो. सकाळीच कचरेवाला घेऊन गेला. का?"

"काही नाही. उगाच."

तिने कॅसेट दिव्याखाली धरली, तिरकी करून बघितली. डाग काढणाऱ्या बाईला दुसऱ्याने काढलेला डाग हमखास दिसतो. कडेला निळसर छटा राहते, कुठेतरी एखादा काना तग धरून असतो. इथे काही म्हणजे काही नव्हतं. धाय मोकलून रडावं असं तिला वाटलं, पण समोर मिस्त्रीचा चेहरा शाबासकीसाठी ताटकळलेला होता.

"झकास काम केलंत, मिस्त्री," ती म्हणाली. "माझ्या हाताखालच्या बायकांनाही असं जमत नाही."

मिस्त्री लाजला. पैसे घेता घेता वर चहा पाजला आणि कॅसेट स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळून दिली.

घरी आई खिडकीशी बसली होती. डोळे गेल्यापासून तिला उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. ताईने चपला काढल्या, पिशवी खुर्चीवर टेकवली. कागद वाजला.

"मिळाली?" आई म्हणाली.

"काय मिळाली?"

"डोळे गेलेत माझे, डोकं नाही गेलं. पाय ओढत येणारी मुलगी आज जिना कशी चढली, ते ऐकलं मी. दर पायरीवर थांबत होतीस. आण इकडे."

इतक्या वर्षांत आईने कॅसेटींबद्दल चकार शब्द काढला नव्हता. ही उगाच पसारा आणते, एवढंच तिला वाटत असेल, असं ताई धरून चालली होती. तिने कॅसेट आईच्या मांडीवर ठेवली. आईची बोटं कडेकडेने फिरली आणि कोपऱ्याशी थांबली.

"इथेच चावायचा गाढव. दात पडतील म्हणून मी ओरडायची." मग बराच वेळ ती अंगठा तिथेच फिरवत राहिली. "मीच दिली ना ग पोत्यात भरून. घरात त्याची एक वस्तू दिसली असती तर वेड लागलं असतं मला. तुला विचारायला हवं होतं."

"जाऊ दे ग आई. मिळाली ना आता?"

"मागे लिहिलं होतं त्याने काहीतरी. तू रडत दाखवायला आली होतीस. आहे का अजून?"

आईचा चेहरा तिच्याकडे वळला होता. कोऱ्या पिवळ्या पाठीवर खिडकीतला उजेड पडला होता.

"आहे," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. जसंच्या तसं."

"वाच बघू."

"ताईने हात लावू नये."

"अक्षर?"

"कोंबडीचे पाय. 'लावू'चा ऊकार पार खालच्या कडेपर्यंत गेलाय."

आई हसली. डोळ्यांतून पाणी आलं ते तिने पुसलं नाही. मग कॅसेट चाचपडत खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ती कडेला गेली असं वाटून ताईने सावरायला हात पुढे केला. हाताला अजून स्पिरिटचा वास होता. हात जवळ आल्याचं त्या वासावरून आईने बरोबर ओळखलं.

"लिहिलंय ना त्याने? मग कशाला हात लावतेस?" आई म्हणाली. "राहू दे तिथे."

ताईने हात मागे घेतला.