सुट्टीच्या दिवशी

"सिद्धूभाऊ, खाली या!"

पावसाच्या माऱ्यात खांबावरच्या सिद्धूला ते नीट ऐकू गेलं नाही.

"बेल्ट बघा तुमचा! आणि खाली या!"

सिद्धूनं कमरेकडे पाहिलं. सेफ्टी बेल्ट खांबाला अडकवलेलाच नव्हता. नुसता लोंबत होता. लाइनमन म्हणून उभा जन्म गेला, पण असं कधी झालं नव्हतं. पाय चाचपत तो कसाबसा उतरला.

खाली उत्कर्षा मॅडम रेनकोटात उभ्या होत्या. उन्हाळ्यात रुजू झालेल्या या इंजिनीअर मॅडम सिद्धूच्या थोरल्या लेकीच्या वयाच्या होत्या.

"अर्ध्या तासाचं काम हाय, मॅडम. तार जोडली की झालं."

"आज नाही. शेवटचं जेवलात कधी?"

सिद्धूला आठवेना. ताम्हिणीत आठवडाभर पाऊस कोसळत होता. कुठे झाड पडायचं, कुठे तार तुटायची आणि फोन यायचा तो सिद्धूला. जोडीदार पाय मोडून घरी बसलेला. घास हातात असताना फोन, अंगावर पाणी घेताना फोन. हल्ली रिंग वाजली तरी छातीत धस्स व्हायचं. बायकोशी, बायजाशी, तो बोलेनासा झाला होता. पोरं जवळ आली की खेकसायचा. यातलं कुणाला काही सांगावं, असं त्याला सुचलंही नव्हतं.

जवळच्या रिसॉर्टचा मॅनेजर निषाद छत्री सावरत आला. "मॅडम, सगळ्या रूम फुल आहेत. अंधार पडायला आलाय. पाहुणे भांडतायत."

"लाइट उद्या सकाळी येईल. दुसऱ्या सेक्शनची माणसं बोलावलीत मी."

"मी वरती बोलू का?"

"बोला ना."

कडेला उभी असलेली गावातली गोजराबाई त्याच्यावरच उखडली. "आरं, आमी बी हितं अंधारातच हाय न्हवं? त्या मानसाचं त्वांड तरी बघ. पांढरंफटक पडलंय!"

थोड्याच वेळात मॅडमचा फोन वाजला. सिद्धूला फक्त त्यांचंच बोलणं ऐकू येत होतं. "होय सर, मीच उतरवलं... नाही सर, आज त्यांना चढवणार नाही... लेखी देते ना. माझ्या सहीनं देते."

फोन ठेवून त्यांनी हात पुढे केला. "तुमचा फोन द्या. परवा परत मिळेल. तोवर तुमच्या तक्रारी मी ऐकेन."

"आन् मेमो?"

"कसला मेमो? घरी जा. झोपा."

दुसऱ्या दिवशी दुपारी सिद्धू उठला, तेव्हा गावात लाइट आली होती. बायजानं गरम भाकरी वाढली. पहिला घास मोडला आणि त्याला रडूच कोसळलं. चुलीत लाकूड सारून बायजा त्याच्याजवळ बसून राहिली.

मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. पावसाळ्यापुरती सूस गावाकडच्या सेक्शनची दोन माणसं त्यांनी भांडून मागून घेतली. प्रत्येकाला आठवड्याची सुट्टी लावून दिली. "सुट्टीच्या दिवशी फोन उचलायचा नाही. माझा आला तरी," असं बजावलं. वरून खुलासे मागवले गेले, बैठकीत चार लोकांदेखत बोलणी बसली. त्याची झळ त्यांनी माणसांपर्यंत येऊ दिली नाही.

एकदा सिद्धूनं भीत भीत विचारलं, "मॅडम, तुमी कदी थांबता?"

"रविवारी. माझा फोन कपाटात असतो. आईला विचारा हवं तर."

रविवारी फोन लावला, तर खरंच कुणी उचलत नसे. मग बाकीच्यांनाही सुट्टी घेताना चोरट्यासारखं वाटेनासं झालं. सिद्धू सुट्टीला मेंढरांमागे रानात जायचा. धाकटीला खांद्यावर घ्यायचा. संध्याकाळी बायजाला म्हणायचा, "काय शिजतंय गं? वास लई झ्याक सुटलाय."

भात झोडून झाले आणि मॅडमची बदली आली, पार विदर्भात. काहींच्या मते ती शिक्षाच होती. निरोपाचा समारंभ मॅडम नको म्हणाल्या.

जायच्या दिवशी त्या टेबल आवरत होत्या. दारात सिद्धू उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला पटका, काखेत नव्या तांदळाची पिशवी.

मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "आज सुट्टी ना तुमची? कशाला आलात?"

"सुट्टी हाय म्हनून तर आलोय," सिद्धू म्हणाला आणि त्यांची जड बॅग उचलून जीपकडे चालू लागला.