पाळण्यावरचे हिरवे शिंतोडे

मी रंगाची गन बोलतेय. दचकू नका, माझ्यातून गोळी सुटत नाही, रंग सुटतो. म्हणजे सुटायचा. आता काहीच सुटत नाही. गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, मोरीवरच्या फळीवर मी पडून आहे. शेजारी स्टीलचा एक रिकामा डबा आहे. ज्या घरानं आम्हा दोघांना इथं ठेवलंय, त्या घराबद्दल मला चार शब्द बोलायचे आहेत. गोड शब्दांची अपेक्षा मात्र ठेवू नका.

माझा जन्म कारखान्यातला. आमच्यासारख्या शेकडो जणी सरकत्या पट्ट्यावरून पुढे जायच्या आणि प्रत्येकीच्या खोक्यात एक माहितीपुस्तिका पडायची. तिच्यात एकच सूचना ठळक छापलेली होती : काम संपलं की लगेच धुवा. बाकी सगळं आम्ही सोसतो. उन्हात ठेवा, हातातून पडू द्या, वायर ओढा, चालेल. पण पोटात रंग ठेवून आम्हाला विसरलात, की आमचा कारभार आटोपला.

मला मागवलं जगदीशरावांनी. विमा कंपनीतली कारकुनी संपवून ते नुकते घरी बसले होते आणि घरी बसणं त्यांना जमत नव्हतं. खोकं उघडल्या उघडल्या पद्मजाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं. दसऱ्याला तर मला झेंडूचा हार घातला. त्याच्या पाकळ्या माझ्या हवेच्या जाळीत जाऊन बसल्या आणि महिनाभर मी घुसमटत राहिले. या माणसांना हत्याराची पूजा करायला फार आवडतं. पूजेनंतर ते पुसायचं असतं, हे त्यांच्या डोक्यात येत नाही.

पण खोटं कशाला बोलू? सुरुवातीला जगदीशराव मला जीव लावायचे. रंग पातळ करून जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायचे, मगच माझ्या पेल्यात ओतायचे. हात एका जागी थांबवायचे नाहीत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखा फिरवायचे. काम झालं की उरलेला रंग काढून पेल्यात पाणी भरायचं आणि बादलीत नितळ पाणी पडेपर्यंत फवारा सोडायचा. तेलाचा रंग असला तर पाण्याऐवजी थिनर. मग नाक उघडून मऊ ब्रशनं साफ करायचं. सुई, तार लावायची नाही, भोकाला चरा पडतो.

तो मऊ ब्रश या घरात माझ्याआधीपासूनचा. त्यानं या घराची दारं रंगवली, लेकीची खेळण्यातली चूल रंगवली. मी आले आणि त्याच्याकडे फक्त माझं नाक पुसायचं काम उरलं. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

लेकीचं नाव प्रिती. मी या घरात आले तेव्हा ती इथं नव्हती. तिनं लोअर परळच्या चाळीतल्या संघर्ष नावाच्या तरुणाशी लग्न केलं होतं. मुलगा शिकलेला, नोकरीत कायम, बोलायला सभ्य. पण बौद्ध घरातला. तेवढं एक कळलं आणि जगदीशरावांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं. लग्नाला गेले नाहीत, फोन उचलला नाही. पद्मजाबाई नळाला पाणी आलं की मोरीत नळ सोडायच्या आणि त्या आवाजाच्या आडून लेकीशी फोनवर बोलायच्या. मी वरच्या फळीवर असायचे. मला सगळं ऐकू यायचं.

एका सकाळी जगदीशराव गॅलरीत माझ्यानं लाकडी खुर्ची रंगवत होते. जिन्यावरून संघर्ष आला. हातात हा स्टीलचा डबा.

"बाबा, मुलगी झाली," तो म्हणाला. "प्रिती बरी आहे. माझ्या आईनं लाडू दिलेत."

जगदीशरावांनी माझा खटका सोडला नाही. मी घरघरत राहिले.

"बाबा, जरा मशीन बंद करता का? ऐकू येत नाहीये बहुतेक."

ऐकू येत होतं. नेहमी फिरता राहणारा हात एकाच जागी थांबला आणि खुर्चीच्या पाठीवरून रंगाचे ओघळ खाली आले. माझ्या आवाजाचा असाही उपयोग होतो, हे मला त्या दिवशी समजलं. मला माझीच किळस आली.

शेवटी पद्मजाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. डबा घेतला, जावयाला आत बोलावलं. तो उंबऱ्याबाहेरच थांबला. "नको आई, उशीर होतोय. पुढच्या रविवारी नाव ठेवतोय, विहाराच्या हॉलमध्ये. दोघं या. प्रितीनं खास सांगितलंय, पाळणा आपला हवा म्हणून."

पाळणा माहेरचा असतो. ज्या पाळण्यात प्रिती निजली तो याच घराच्या माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून ठेवलेला होता. तो बारशाला पोचला असता, तर लेकीला तिचं माहेर परत मिळालं असतं. नाही पोचला, तर ते कायमचं सुटलं असतं. प्रितीनं लाकडाचा पाळणा मागितला नव्हता, बाप मागितला होता. पद्मजाबाईंना ते कळलं. जगदीशरावांनाही कळलं.

लाडू मात्र खाल्ले. चहाबरोबर एक, मग पुन्हा एक. डबा धुऊन या फळीवर आला आणि पद्मजाबाई म्हणाल्या, "कमळाबाईंचा डबा रिकामा कसा परत करायचा? काहीतरी घालून द्यायला हवं." संघर्षची आई त्या. जगदीशरावांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

दोन दिवसांनी काय झालं कोण जाणे, जगदीशराव स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि पाळणा खाली काढला. गोणपाट सोडलं, धूळ झटकली, पॉलिश पेपरनं घासून घासून जुना रंग उतरवला. बाजारात जाऊन पिवळा रंग आणला. पाण्यात मिसळणारा, बाळानं चाटला तरी चालेल असा. दुकानदाराला तीनदा विचारून आणला म्हणे. त्या दिवशी पद्मजाबाईंनी नळाच्या आवाजाशिवाय लेकीला फोन केला. मलाही बरं वाटलं. आयुष्यात एक तरी चांगलं काम आपल्या हातून होणार, असं मला वाटायला लागलं.

तेवढ्यात राधाबाई आल्या. शेजारच्या खोलीतल्या.

"जगदीशराव, तुमची ती गन द्या हो जरा. खिडकीचे गज रंगवून घेते. संध्याकाळपर्यंत आणून देते."

वाडीत नाही म्हणायची पद्धत नाही. मी गेले. गजांवर हिरवा तेलाचा रंग मारला गेला, निम्मा गजांवर आणि निम्मा राधाबाईंच्या वाळत घातलेल्या चादरीवर. संध्याकाळी त्यांनी मला परत आणलं. धुतलं नव्हतं. बाहेरून ओल्या फडक्यानं अगदी चकचकीत पुसलं होतं, आणि पेला हिरव्या रंगानं गळ्यापर्यंत भरला होता.

"पेला रिकामा कसा आणायचा?" राधाबाई हसून पद्मजाबाईंना म्हणाल्या. "राहिलेला रंग घातलाय. होईल तुम्हाला उपयोगी."

पद्मजाबाईंनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. साखरेची वाटी परत येताना चिमूटभर साखर घेऊन येते, डब्यातून भाजी येते, तसा पेल्यातून रंग आला. "कशाला हो राधाबाई एवढं!" असं म्हणून त्यांनी मला या फळीवर, त्या रिकाम्या डब्याच्या शेजारी ठेवलं. आत रंग घट्ट होत गेला. मी ओरडू शकत नाही. खटका दाबल्याशिवाय मला आवाज नाही.

शनिवारी जगदीशरावांनी मला खाली घेतलं. पेल्यातल्या रंगावर साय धरली होती. त्यांनी ती काढली, हिरवा रंग ओतून टाकला, आणि घाईघाईत मला पाण्यानं धुतलं. तेलाचा रंग, आणि पाणी! थिनरची बाटली या फळीवरच होती. इतकी वर्षं फायलींचा कागद इकडचा तिकडे न होऊ देणारा माणूस, त्या दिवशी त्याचं चित्त कुठं होतं कोण जाणे. पिवळा रंग भरला आणि खटका दाबला.

मी खोकले. दोनदा खोकले. मग माझ्या नाकातून हिरव्या गुठळ्या पिवळ्या रंगाबरोबर उडाल्या आणि पाळण्यावर जाऊन पडल्या. जगदीशरावांनी पद्मजाबाईंच्या शिवणाच्या डब्यातली गोधडीची सुई आणली आणि माझ्या नाकात खुपसली. तो चरा मला अजून ठसठसतो. त्यानंतर रंग सरळ जाईना, मोटर तापली, जळका वास सुटला आणि मी बंद पडले.

पद्मजाबाईंनी हिरवे शिंतोडे फडक्यानं पुसले. थोडे राहिले. "हरकत नाही," त्या म्हणाल्या. "ब्रशनं द्या रंग. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"ब्रशचे फराटे दिसतात."

"दिसू देत."

"माहेरचा पाळणा असा न्यायचा? तिथली माणसं काय म्हणतील?"

पद्मजाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "तिथल्या माणसांचं तुम्हाला एवढं कधीपासून वाटायला लागलं?"

जगदीशराव खुर्चीत बसले. त्याच खुर्चीत, जिच्या पाठीवर ओघळ आहेत. त्यांच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते सांगते. मला वाटलं राग असेल, नाहीतर वाईट वाटलं असेल. तसं काही नव्हतं. सुटल्यासारखा चेहरा होता. जायचं धाडस कसंबसं गोळा केलं होतं, आणि न जायला कारण मिळालं होतं. "गन बिघडली," ते म्हणाले. "आता काय करणार?" राधाबाईंना त्यांनी एका शब्दानं दोष दिला नाही. शेजार जपायचा असतो ना!

रविवारी पद्मजाबाई एकट्या गेल्या. पहाटे उठून त्यांनी नारळाच्या वड्या केल्या, कमळाबाईंचा डबा भरला, आणि पाळण्याकडे न बघता जिना उतरल्या.

दिवसभर जगदीशराव मला साफ करत बसले. थिनर घेतला, मला स्क्रू न् स्क्रू मोकळं केलं, फुंकर घातली, पुसलं, पुन्हा जोडलं. एवढ्या मायेनं मला त्यांनी कधीच हाताळलं नव्हतं. पाळणा तीन हातांवर उभा होता. त्याला त्यांनी बोट लावलं नाही.

संध्याकाळी पद्मजाबाई परत आल्या. डबा बरोबरच होता. कमळाबाईंनी वड्या काढून घेतल्या होत्या आणि डबा खिरीनं भरून दिला होता.

"पाळण्याचं विचारलं का कोणी?" जगदीशरावांनी विचारलं.

"प्रितीनं विचारलं. मी सांगितलं, गन बिघडली." त्या थांबल्या. "तुमच्या वाटची थाप मी मारली. शेजारणीचा पाळणा आणला त्यांनी ऐन वेळी."

"नाव काय ठेवलं?"

"बारशातलं नाव पाळण्याशी उभं राहून ऐकायचं असतं," पद्मजाबाई म्हणाल्या आणि पातेल्यात खीर काढायला आत गेल्या.

जगदीशरावांनी पुन्हा विचारलं नाही. खीर मात्र त्या रात्री खाल्ली. डबा धुऊन पुन्हा फळीवर आला, माझ्या शेजारी. पाळणा गोणपाटात बांधून माळ्यावर गेला. मग पुष्कळ महिने गेले. डबा अजून रिकामाच आहे. माझ्या नळीत राधाबाईंचा हिरवा रंग दगड होऊन बसलाय. थिनरलाही तो दाद देत नाही. लवकरच मी भंगारात जाईन. जाऊ दे, तक्रार नाही. पण जायच्या आधी एकीशी बोलायचं आहे, जिचं नाव मला कोणी सांगितलं नाही.

पोरी, तू मोठी होशील, कधीतरी या घरात येशील. आजोबांनी माझा पाळणा का आणला नाही, असं विचारशील. गन बिघडली, असं सांगून ते माझं नाव पुढे करतील. आजीही करील. त्यांचं ऐकून घे आणि मग स्टूल घेऊन या फळीवर बघ. थिनरच्या बाटलीमागं एक ब्रश आहे. हात लावून बघ. त्याचे केस अजून मऊ आहेत.